तीन दारं, एक घंटा

आमच्या पॅरिशला, म्हणजे चर्चभोवतीच्या आमच्या समाजाला, शंभर वर्षं झाली म्हणून कमिटीनं चकचकीत कागदावर स्मरणिका काढली. तिच्या चौदाव्या पानावर छापलंय, 'घंटा मनोऱ्यावर न टांगता चर्चच्या आत टांगणे ही आमच्या कुशल बांधकाम करणाऱ्यांची दूरदृष्टी होय.' हे वाचताना मी चहा पीत होते, तो नाकातून बाहेर आला. दूरदृष्टी म्हणे. ज्याची ही दूरदृष्टी, तो माझा सख्खा मामा. त्यानं स्वतःच्या घराचं न्हाणीघर बांधलं तेव्हा आत बादली ठेवली की दार लागेना. आजही त्या घरात आधी माणूस आत जातं, मग बादली आत घेतं आणि मग दार गुडघ्यानं रेटतं.

आता ऐंशीचा झालाय. गेला आठवडाभर ती स्मरणिका काखेत मारून फिरतोय. डॉक्टरला दाखवली, न्हाव्याला दाखवली, काल विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला बसवून पान चौदा वाचून दाखवलं. मी म्हटलं, "मामा, लाज वाटते का?" तर म्हणतो, "छापून आलंय गं, आता खरं असलंच पाहिजे." म्हणून मी सांगायला बसलेय. मला हे मामानं सांगितलंय, मामीनं सांगितलंय आणि माझ्या आईनं तर इतक्या वेळा सांगितलंय की तिघांच्या थापा मी वेगवेगळ्या ओळखते.

तर पहिल्यापासून. आमचं पहिलं चर्च म्हणजे घोड्यांचा तबेला. एका गाडीवानाच्या विधवेनं दिला. रविवारी घोडे बाहेर बांधायचे आणि माणसं आत घ्यायची. देव स्वतःच गोठ्यात जन्माला आलेला, त्यामुळे वासाबद्दल तक्रार करायची कुणाची प्राज्ञा नव्हती. नऊ वर्षांनी त्याच जागेवर दुसरं चर्च झालं, लाकडाचं, वर पत्रे. पाऊस आला की पत्र्यावर असा काही तडतडाट व्हायचा की फादरांचं प्रवचन कुणाच्या कानावर पडत नसे. पावसाळ्यात हजेरी वाढायची, असं आजी सांगायची.

घंटा आली ती या दुसऱ्या चर्चच्या वेळी. ती ओतली होती भलत्याच एका मोठ्या चर्चसाठी. त्यांना तिचा आवाज पसंत पडला नाही म्हणून आमच्या गळ्यात पडली. तोंड चार फूट दोन इंच, उंचीही तेवढीच. आमच्या लाकडी चर्चला ती झेपणं शक्यच नव्हतं. म्हणून समोरच्या अंगणात चार जाडजूड खांब पुरून त्यांच्यावर ती टांगली. आणि तिचा दोर दिला एका तरण्याबांड माणसाच्या हातात. तो दोर त्यानं पुढं चाळीस वर्षं तरी सोडला नाही. सगळे त्याला घंटेकाका म्हणायचे. बायको लवकर गेली, एकच मुलगी. ती मुलगी म्हणजे माझी मामी, पण मी पुढं पळतेय.

पुढं माणसं वाढली. निम्मे लोक आत, निम्मे खिडकीत. नवे फादर आले, बुटके आणि सदा घाईत, जिने चढताना सुद्धा एक पायरी सोडून चढायचे. त्यांनी सभा बोलावली आणि सांगून टाकलं की दगडाचं मोठं चर्च बांधायचं. जागा तीच, कारण दुसरी नव्हतीच. सगळे खूश. तेवढ्यात घंटेकाका मागून उठून म्हणाले, "आणि बांधेपर्यंत रविवारची मिस्सा-प्रार्थना कुठं? सत्तेचाळीस वर्षांत एक रविवार चुकला नाही. पुराच्या वर्षी बाकांवर उभं राहून केली मिस्सा." सगळ्यांनी फादरांकडे बघितलं. फादर घाईघाईनं कागद चाळायला लागले.

तेव्हा मामा उभा राहिला. सत्तावीस वर्षांचा गवंडी. त्याला सगळे ओळंबा म्हणायचे, कारण खिशातून भिंत सरळ आहे का बघायच्या ओळंब्याची दोरी सतत लोंबत असायची, आणि कुणी रांगेत जरा तिरकं उभं राहिलं तरी हा एक डोळा मिटून त्याला बघायचा. तो म्हणाला, "जुनं चर्च आहे तिथंच राहू दे. मी त्याच्या भोवतीनं नवं बांधतो. वर स्लॅब पडला की जुनं आतल्या आत सोडवू आणि दारातून बाहेर काढू. एक रविवार चुकणार नाही."

टाळ्या पडल्या. म्हाताऱ्या बायकांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवले. मामा खाली बसला आणि त्यानं घंटेकाकांच्या मुलीकडे बघितलं. हे सगळं कुणासाठी चाललं होतं हे वेगळं सांगायला नको, तरी सांगते, कारण तो अजून कबूल करत नाही.

मग नकाशा. मामाला समोर एकच मोठं दार हवं होतं. फादरांनी विचारलं, "देव किती?" मामा म्हणाला, "एक." "आणि व्यक्ती?" "तीन. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा." "मग झालं तर," फादर म्हणाले, आणि समोरच्या भिंतीला तीन दारं ठरली. तिन्ही सारखी. एखादं मोठं केलं असतं तर त्रैक्यात भेदभाव झाला असता. भिंतीची रुंदी ठरलेली, त्यात मनोरा, म्हणून दारं आली साडेतीन-साडेतीन फुटांची. मामानं मग यादी केली. चर्चच्या आत जे जे होतं त्याचं माप घेतलं. सव्वीस बाकं, वेदी, कन्फेशनची पेटी, बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, आणि एक संत होते बोट वर करून उभे, त्यांचं माप बोटासकट. एकेक वस्तू साडेतीन फुटांतून जाते का ते ताडून बघितलं. पेटी आडवी करून जात होती, संत झोपवून. ती यादी फादरांनी प्रवचनात दाखवली आणि म्हणाले, काम असं करावं.

दोन वर्षं बांधकाम चाललं. चर्चच्या बाहेर चर्च. लग्नाच्या वराती परातींच्या आणि शिड्यांच्या मधून वाट काढत आत जायच्या. पवित्र पाण्याच्या भांड्यात सिमेंट उडायचं, आणि क्रूसाची खूण केली की कपाळावर करडा ठिपका उमटायचा; त्या काळात आमचे लोक त्या ठिपक्यावरून ओळखू यायचे, असं आई सांगते. भिंतींवर पाणी मारायला बायकांच्या पाळ्या होत्या. मामीची पाळी मंगळवारी. मामा मंगळवारी हमखास तीच भिंत पुन्हा तपासायचा, जी सोमवारी तपासलेली असायची. ती भिंत इतकी सरळ आहे की आजही लोक येऊन बघतात.

शेवटी एकदाचा तो घंटेकाकांकडे गेला आणि मुलगी मागितली. काकांना कमी ऐकू यायचं हे सगळ्या वस्तीला माहीत होतं, त्यामुळे मागणी घालावी लागली ओरडून, आणि ती शेजारच्या चार घरांत पोचली. काकांनी विचार केला आणि अट सांगितली. "लग्नाच्या घोषणा होतील ना तीन रविवार? तिसरी घोषणा नव्या चर्चमध्ये झाली पाहिजे, आणि त्या दिवशी घंटा नव्या मनोऱ्यावरून वाजली पाहिजे. नाही वाजली, तर 'कुणाची हरकत असेल तर सांगा' म्हटल्यावर मी उभा राहणार."

मामा म्हणाला, हात्तिच्या, एवढंच ना. घरी येऊन माझ्या आईला म्हणाला, म्हातारा हट्टी आहे, पण चालेल.

त्याला खरं कारण मामीनं सांगितलं, पुढच्या मंगळवारी, हातात पाण्याची झारी घेऊन. "बाबांना नुसतं कमी नाही ऐकू येत. त्यांना घंटाच ऐकू येत नाही. बारा वर्षं झाली." मामाला कळेना. "मग वाजवतात कसे?" "दोर ओढतात आणि माझ्याकडे बघतात. मी समोर आमच्या घराच्या दारात उभी असते. वाजली की मी हात वर करते. ठोका चुकला की हात खाली. हे फादरांना कळलं तर दोर काढून घेतील, आणि दोर गेला तर बाबा राहणार नाहीत." मामा म्हणतो की त्याच्या हातातली थापी गळून पडली. मामी म्हणते त्याच्या हातात थापी नव्हतीच, तो नुसता तिच्याकडे बघत उभा होता.

आता लक्षात घ्या. लग्न झालं की मामी येणार आमच्या घरी, म्हणजे माझ्या आजोळी. आमचं घर चर्चच्या मागं, उतारावर. अंगणातल्या घंटेपासून ते दिसत नाही. मनोऱ्यावरून दिसतं. काकांना मनोरा हवा होता तो एवढ्यासाठीच, की मुलगी लांब गेली तरी तिचा हात दिसावा. मामानं त्या दिवसापासून मनोऱ्याच्या आमच्या घराकडच्या बाजूला एक जास्तीची खिडकी ठेवली आणि फादरांना सांगितलं की हवेसाठी.

स्लॅब पडला. मामानं जाहीर केलं की अठ्ठावीस दिवस घंटा बंद, हादरा नको. काका रोज बाहेर रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगून तो बडवायचे, मामी हात वर करायची. पहिली घोषणा झाली, दुसरी झाली. कुणाचीच हरकत नव्हती. मग तिसऱ्या आठवड्यात सोमवारपासून जुनं चर्च आतल्या आत सोडवायला घेतलं. पत्रे गेले, वासे गेले, फळ्या गेल्या. बाकं पित्याच्या दारातून, वेदी पुत्राच्या, कन्फेशनची पेटी आडवी होऊन पवित्र आत्म्याच्या. संत झोपून गेले, बोट पुढं. यादीतल्या प्रत्येक ओळीवर मामा काट मारत होता. पेटी निघाली तेव्हा लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. जमीन झाडून मग सगळं परत आत आणून मांडायचं होतं.

गुरुवारी दुपारी शेवटची फळी बाहेर गेली. मामानं यादीची घडी घातली, खिशात ठेवली आणि हात झटकले. सगळे आत उभे राहून वर बघत होते. एवढी उंची कुणी आयुष्यात बघितली नव्हती. तेवढ्यात माझी आई, तेव्हा एकोणीस वर्षांची, म्हणाली, "दादा, आणि ही?"

सगळ्यांनी मान खाली केली. मोकळ्या चर्चच्या मधोमध चार खांब उभे होते आणि त्यांच्यावर घंटा.

मामाचं तोंड उघडं ते उघडंच. मग तो इतकंच म्हणाला, "ती बाहेर होती." त्यानं खिशातली यादी काढली. "यादी आतल्या वस्तूंची होती," तो म्हणाला. "घंटा बाहेर होती हो. कायम बाहेरच होती." आणि ते खरंच होतं. घंटा जागची हलली नव्हती. मामानं अंगणच आत घेतलं होतं. दोन वर्षं अख्खी पॅरिश तिच्या दोन्ही बाजूंनी ये-जा करत होती, रोज मिस्सेला, पाणी मारायला, वराती घेऊन; एकाच्याही डोक्यात आलं नाही की चार फूट दोन इंच साडेतीन फुटांतून जात नाही.

आई सांगते, आधी फादर हसायला लागले. खांबाला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग बाकीचे. मग मामाच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं आणि एकेक जण गप्प झाला, कारण रविवारी काय होणार होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागणी चार घरांत पोचली होती, तशी अटही पोचली होती.

गुरुवार, शुक्रवार अक्कल लढवण्यात गेले. सुताराचं मत पडलं की घंटा तिरकी करावी. तिरकी करून मापली, सरळ करून मापली, आडवी करून मापली. घंटा ती, कुठूनही चार फूट दोन इंच. खिडक्या त्याहून अरुंद. एका आजीनं दाराच्या दगडांना साबण लावायला सांगितलं. मामानं तिच्या समाधानासाठी तो लावला सुद्धा. दोन दिवस येणारा-जाणारा घसरत होता. कुणी म्हणालं स्लॅब फोडा. त्यावर मामा एक डोळा मिटून त्या माणसाकडे बघत राहिला.

शनिवारी जेवण झाल्यावर मामानं खडू घेतला आणि मधल्या दाराभोवती रेघ ओढली. मधलं दार म्हणजे पुत्राचं. त्याच्या कमानीचा एकेक दगड त्यानं स्वतः घडवलेला, पाच महिने लागले होते, आणि तसला जोड त्याला पुन्हा जमला असता की नाही देव जाणे. फादर म्हणाले, "अरे, विचार कर. उद्या बिशप येणार. पिता राहील, पवित्र आत्मा राहील, आणि मध्ये भगदाड." मामा म्हणाला, "फादर, दार मी पुन्हा बांधीन. मुलगी पुन्हा मिळायची नाही." हे तो फादरांशी बोलला, पण मामी तिथंच उभी होती, आणि ती म्हणते की एवढं एक वाक्य सोडलं तर त्यानं जन्मात धड प्रेमाचं काही म्हटलेलं नाही.

त्यानं घण उचलला. तेवढ्यात घंटेकाका आत आले, दोर गुंडाळून खांद्यावर टाकलेला. त्यांनी हातानंच थांबवलं मामाला. "हलवायच्या आधी एकदा बघू दे," ते म्हणाले, त्यांच्या नेहमीच्या दांडग्या आवाजात. "महिना झाला, गंज धरला असेल." त्यांनी दोर बांधला, दोन्ही हातांनी पकडला. मामी सवयीनं समोर जाऊन उभी राहिली, त्यांना दिसेल अशी.

काकांनी दोर ओढला.

आता ते चर्च रिकामं. ना बाक, ना पडदा, ना माणसांची गर्दी. चारी बाजूंनी कोरा दगड, वर कोरा स्लॅब, आणि मध्ये हजार-बाराशे किलोची घंटा. आई म्हणते, तिला वाटलं तिचे दात पडले. फादर कान धरून खाली बसले. सुतार पळाला तो साबणावरून घसरत थेट रस्त्यावर पोचला. वरून धूळ पडली, दारं थरथरली, आणि तो आवाज भिंतीवरून भिंतीवर जात राहिला, थांबायचं नावच घेईना.

मामीनं हात वर केला होता. पण काका तिच्याकडे बघतच नव्हते. ते वर बघत होते, घंटेकडे, दोर तसाच घट्ट धरून. बघता बघता मामीचा हात खाली आला आणि तिनं तो तोंडावर दाबला. पहिलं तिलाच कळलं. आवाज विरला तेव्हा काकांनी दुसरा ठोका दिला, मग तिसरा, आणि एकदाही त्यांनी मुलीकडे बघितलं नाही. कानानं ऐकलं की छातीनं, कुणास ठाऊक. मग त्यांनी दोर सोडला, मामाजवळ आले, त्याच्या हातातला घण काढून घेतला, तो भिंतीला टेकवून ठेवला आणि एक शब्दही न बोलता घरी निघून गेले.

त्याचा अर्थ काय लावायचा? मामानं संध्याकाळभर सगळ्यांना तेच विचारलं. घण का घेतला? दार फोडू नको म्हणून, की लग्नच नको म्हणून? घंटा तर मनोऱ्यावर गेलीच नाही. अट मोडली ती मोडलीच. मामीला विचारावं तर ती रडत होती आणि हसत होती, आणि तिला काही धड सांगता येईना. बाकं आत आणली गेली, वेदी बसली, खांबांना घाईघाईनं रंग दिला. घंटा जागच्या जागी राहिली, कारण आता वेळच नव्हता.

रविवारी चर्च खच्चून भरलं. बिशप आले. काकांनी घंटा वाजवली तेव्हा बिशपांची टोपी वाकडी झाली, असं मामा सांगतो. ही त्याची थाप आहे. मिस्सा झाली. शेवटी फादरांनी कागद काढला आणि तिसरी घोषणा वाचली, गवंडी अमुक आणि घंटावाल्यांची कन्या अमुक. वाचताना पहिल्यांदाच ते घाई करत नव्हते. "या विवाहाला कुणाची काही हरकत असेल," ते म्हणाले, "तर त्यांनी सांगावं."

घंटेकाका उभे राहिले.

मामा म्हणतो, तो उभ्या उभ्या खाली बसायला निघाला. हे मात्र खरं आहे, आईनं त्याला बखोटीला धरून सावरलं. अख्खं चर्च वळून बघायला लागलं. काकांनी दोर हातातून सोडला नव्हता. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि बिशपांपासून मागच्या भिंतीपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "घंटा इथून हलवली, तर माझी हरकत आहे."

आणि बसले.